घेण्यात अजगर, करण्यात शरकार

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात पारायण आटोपलं की मंदिराच्या कट्ट्यावर आम्ही साठी-सत्तरीची मंडळी टेकतो. तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मुलांची लग्नं झाली, घर झालं, पेन्शन चालू आहे. आता देव ठेवील तसं राहायचं." वाक्य नम्र आहे, भक्ताला शोभणारं आहे. तरी मला ते पुरतं पटत नाही. माझं वय 74. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त होऊन 14 वर्षं झाली, पत्नी जाऊन 3. त्यामुळे प्रश्न माझ्या घरचाच आहे. ज्याच्यावाचून आता कुणाचं अडत नाही, त्याने सकाळी कशासाठी उठायचं?

उत्तर आपल्या दत्तप्रभूंच्या परंपरेतच शोधू. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले 24 गुरू सांगतो. त्यांत एक अजगर आहे. तो अन्नासाठी धावाधाव करीत नाही. जे समोर येईल त्यावर भागवतो, नाही आलं तर स्वस्थ पडून राहतो. कट्ट्यावरचं वाक्य या अजगराचं आहे. पण त्याच 24 गुरूंत शरकारही आहे, म्हणजे बाण तयार करणारा कारागीर. हातातला बाण सरळ करण्यात तो इतका गढून गेला होता की जवळून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळलं नाही. आपल्या देवळाली कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की नवा पाहुणा दचकतो आणि आपण चहा पीत राहतो. पण आपलं ते सवयीने होतं, शरकाराचं कामाने झालं होतं.

अवधूताने या दोघांनाही गुरू मानलं. एक स्वस्थ पडून राहणारा, दुसरा कामात बुडालेला. मग म्हातारपणी कुणाचं ऐकायचं? मला वाटतं, दोघांचे विषय वेगळे आहेत. घ्यावं कसं हे अजगराने शिकवावं आणि करावं कसं हे शरकाराने. आपलं नेमकं उलटं होतं. करायची वेळ आली की आपण अजगर होतो आणि घ्यायची वेळ आली की शरकार! भाजीत मीठ कमी का, चहाला उशीर का, नातवाचा फोन का आला नाही, असा एकेक बाण दिवसभर सरळ करीत बसतो.

कुणी म्हणेल, या वयात नवा हेतू धरणं ही आसक्तीच नव्हे काय? वानप्रस्थ म्हणजे सोडणं ना? शंका रास्त आहे. तिचं उत्तर आपण दर पूजेत देतो, फक्त लक्ष जात नाही. पूजेला बसलो की गुरुजी आधी संकल्प सांगतात. गोदावरीचा दक्षिण तीर, संवत्सर, मास, पक्ष, तिथी, वार, मग आपलं नाव-गोत्र, मग काय करणार ते. आणि 'करिष्ये' म्हणून ताम्हनात पाणी सोडायचं. म्हणजे संकल्पाला पत्ता लागतो. 'काहीतरी चांगलं करू' एवढ्यावर गुरुजी पाणी सोडू देत नाहीत. दुसरं, 'करिष्ये' म्हणजे 'मी करीन'. मुलाने असं करावं, सुनेने तसं वागावं, नातवाने डॉक्टर व्हावं, हे संकल्प नव्हेत. त्या दुसऱ्यांवर लादलेल्या इच्छा झाल्या. आणि तिसरं, पूजा संपली की पुन्हा पाणी सोडून झालेलं कर्म देवाला अर्पण करायचं. धरणंही त्याच पाण्याने, सोडणंही त्याच पाण्याने. आसक्ती हे दुसरं पाणी विसरल्याने होते, पहिलं सोडल्याने नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं उदाहरण घ्या. जन्म 1858 चा. महिला विद्यापीठ त्यांनी 1916 मध्ये काढलं, तेव्हा ते 58 वर्षांचे होते. आपल्याकडे या वयात निरोपसमारंभाची तयारी चालते. पुढे 1936 मध्ये, 78 व्या वर्षी, त्यांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापलं. कशासाठी? ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नव्हती तिथे शाळा काढण्यासाठी. संकल्पाला पत्ता होता तो असा. 1944 मध्ये समता संघ काढला, तेव्हा वय 86. 1958 मध्ये शंभरीच्या वर्षी 'भारतरत्न' मिळालं. आपण कर्वे नाही, हे खरंच. पण त्यांच्याकडून आकार घ्यायचा नसून पत्ता घ्यायचा आहे.

एक अवघड गोष्ट उरते. जो अंथरुणाला खिळला आहे, ज्याला आठवत नाही, त्याचं काय? हेतू असेल तरच जगणं सार्थ, असं म्हटलं तर आपण त्या माणसावर अन्याय करू. म्हणून तर अवधूताने अजगरालाही गुरू केलं. सेवा करणाऱ्याला न दुखावता सेवा घेणं, कण्हता कण्हता का होईना 'बस जरा, दमलीस' म्हणणं, हीही साधनाच. हात चालतात तोवर शरकार, हात थांबले की अजगर. फक्त हात चालत असताना अजगराचा आडोसा घेऊ नये.

मी स्वतः एवढंच ठरवलं आहे. दर गुरुवारी आरतीनंतर एक तास मंदिराच्या ओवरीत बसायचं. कुणाचं बँकेचं पत्र वाचून द्यायचं, कुणाचा पेन्शनचा अर्ज भरायचा. ज्यांना दिसत नाही त्यांना पोथीचा एखादा अध्याय वाचून दाखवायचा. कधी पाचजण येतात, कधी कुणीच नाही. कुणी आलं नाही तर मी माझं वाचन करतो आणि तास भरल्यावरच उठतो.

मंडळी, यंदा पारायणाचा संकल्प सोडाल तेव्हा त्याच्यामागोमाग मनात आणखी एक सोडा. वार ठरवा, जागा ठरवा, कुणासाठी ते ठरवा. छोटाच असू दे. झेपेना झाला तर तोही महाराजांच्या पायी वाहता येतो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.