अकृताभ्यागम आणि तापीचे पाणी

तापी ही सूर्याची कन्या, आणि स्वतःच्याच तेजाचा दाह असह्य झाला म्हणून त्याने तिला निर्माण केले, ही कथा खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ज्या जळगावात उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर चढतो, तेथे तिच्यासाठी पुराणाचा दाखला मागावा असे कोणास वाटत नाही. गंगेत स्नान, नर्मदेचे दर्शन आणि तापीचे नुसते स्मरण ही सारखीच पापनाशक, अशी जी समजूत आहे तीत तापीचे माहात्म्य वाढविण्याचा हेतू उघड आहे. तरी ज्येष्ठातले कोरडे पात्र पाहून, पुराणकारांस हे दिवस आधीच दिसले होते की काय, अशी शंका कोणास आल्यास त्यास दोष देता येणार नाही.

गंगा आणि सिंधू यांच्या माथ्यावर हिम आहे, आणि वाढत्या उष्णतेने तो साठा आज आटत चालला आहे. मुलताईस उगम पावून 724 किलोमीटर वाहणाऱ्या तापीला असा साठा मुळीच नाही. तिची शिल्लक आहे ती सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल-रावेरच्या भूमीत, दगडगोट्यांच्या आणि गाळाच्या थरांत मुरलेली. आणि तीही, पाऊस चार महिने संथपणे पडत राहील व डोंगरातून उतरणारे नाले आपले पाणी त्या थरांच्या स्वाधीन करीत जातील, या भरवशावर. हवा तापली की दर अंशामागे सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते. म्हणून पाऊस दडी मारतो तेव्हा दीर्घकाळ मारतो, आणि कोसळतो तेव्हा मुरण्यास अवकाश न देता कोसळतो. 2021 च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्या रात्रीतून शिरल्या, त्या पाण्यापैकी विहिरींच्या वाट्याला कितीसे आले असेल?

प्रश्न येथे जलशास्त्रापुरता राहत नाही. जो करील तोच भोगील, हा कर्मसिद्धान्ताचा पाया. देहाबरोबर कर्ताही नाहीसा होत असेल, तर केलेले वाया जाईल आणि न केलेले पदरी पडेल, या कृतनाश व अकृताभ्यागम अशा दोन आपत्ती नैयायिकांना व वेदान्त्यांना इतक्या असह्य वाटल्या, की त्या टाळण्यासाठी त्यांनी हिशेब जन्मजन्मांतरापर्यंत नेला. आता ज्याच्या आज्याने बैलगाडीपलीकडे वाहन वापरले नाही, त्या साक्रीकडील कोरडवाहू शेतकऱ्याच्या विहिरीवर दूरच्या खंडांत पिढ्यान्‌पिढ्या जाळलेल्या कोळशाचे फळ उतरते. त्याच्या पूर्वजन्मीचे काही असेल, असे सांगणारे भेटतात. हे उत्तर मला निष्ठुर वाटते, आणि त्याहून अधिक आळशी वाटते, कारण कर्ता इहलोकीच नावगावासह हजर असताना पूर्वजन्माचे दप्तर धुंडाळण्याचे कारण काय?

अर्थात फिर्यादी सर्वस्वी निर्दोष आहे असेही नाही. विहिरी आटल्यावर केळीसाठी कूपनलिका खोल खोल नेल्या गेल्या, आणि मागल्या पिढ्यांच्या पावसाचे पाणी चालू हंगामात खर्ची पडले. कर्ता आणि भोक्ता असे एकमेकांत मिसळले, की एकेका जीवाचे स्वतंत्र खाते मांडणारा हिशेब तोकडा पडतो.

तापीला मिळणाऱ्या पांझरेच्या काठच्या फडपद्धतीत हा हिशेब निराळ्या रीतीने मांडला होता. बंधाऱ्यावरून पाट निघे, पाटाखालचे क्षेत्र तीन-चार फडांत विभागलेले असे, एका फडात पीक एक, आणि खातेदाराची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विखुरलेली; पाणी पाटकरी देई, मालकाने त्यास हात लावावयाचा नाही. पाणी अपुरे असले की एखादा फड सर्वसंमतीने कोरडा ठेवीत, त्यामुळे तोटाही सर्वांत वाटला जाई. कर्म समुदायाचे आणि भोगही समुदायाचा, ही कल्पना वहिवाटीत इतकी सहज वावरत असता तिच्यावर कोणा शास्त्र्याने भाष्य लिहू नये, याचे मला नवल वाटते. पण फडात वरच्या शेतकऱ्याला खालच्याचे वाळलेले पीक रोज डोळ्यांनी दिसे. दूरच्या धुराड्याच्या मालकास साक्रीची विहीर दिसत नाही. शिवाय खालचा खातेदार काळानेही खालचा असू शकतो. शास्त्रांनी पितृऋण सांगितले, ते संततीने फिटते असेही सांगितले. त्या संततीच्या हाती पाणी तरी तितकेच पडेल, हे त्यांनी गृहीत धरले होते. जो अद्याप जन्मला नाही त्याचा फड यंदा कोरडा ठेवावयाचा की नाही, हे ठरवताना त्याच्या वतीने पंचांत कोणी बसावे, याविषयी कर्मवाद मौन आहे, आणि फडाच्या वहिवाटीतही त्यास तरतूद नाही.