उष्णता कुठे ठेवायची?

थंडावा निर्माण करता येत नाही. ‘एसीने खोली गार केली’ असे आपण सहज म्हणतो, पण घडलेले असते ते एवढेच की खोलीतली उष्णता उचलून दुसरीकडे नेऊन टाकली. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने यात नवे काही नाही. मात्र ही गोष्ट नीट ध्यानात घेतली की लगेच पुढचा प्रश्न येतो, आणि तो भौतिकशास्त्राचा नाही. दुसरीकडे म्हणजे कुठे? आणि तिथे कोण राहते?

बंगळूरला हा प्रश्न फार काळ पडलाच नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरच्या या गावात पंख्यावाचून उन्हाळा काढलेली माणसे अजून आहेत. पण 2024च्या एप्रिलअखेर इथला पारा 38 अंशांच्या पुढे गेला, आणि कार्यालयांपाठोपाठ महाविद्यालयांच्या भिंतींवरही एसीचे डबे वाढत चालले आहेत. डब्याची गार बाजू वर्गात असते आणि गरम बाजू गल्लीत. गल्लीत पहारेकरी उभा असतो, चहाची टपरी असते, गिऱ्हाइकाची वाट पाहणारा रिक्षावाला असतो. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचा अभ्यास करून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवून दिले, की एसीतून बाहेर फेकलेल्या उष्णतेने शहराच्या काही भागांत रात्रीचे तापमान एक अंशाहून अधिक वाढू शकते. म्हणजे ज्याच्याकडे एसी नाही, त्याची रात्र ज्याच्याकडे आहे तो तापवतो.

म्हणूनच ‘पर्यावरणस्नेही’ महाविद्यालयाचा विचार करणारे लोक जमिनीकडे वळतात. काही मीटर खोल गेले की वरचे ऋतू मंदावतात. तिथले तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहते. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर पाहावी. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही अष्टकोनी विहीर. तिच्या पोटात एक छोटा महालच बांधलेला आहे. बाहेर माण-खटावाकडून येणारे ऊन आणि आत दगडाचा, पाण्याचा गारवा. मात्र त्या महालाच्या डोक्यावर मोटांच्या धावा आहेत. खाली बसणाऱ्यांना गारवा मिळत होता, तेव्हा वर बैल हाकणारी माणसे उन्हातच होती. जमिनीचा गारवा सर्वांचा असतो, पण तिथवर उतरणाऱ्या पायऱ्या सर्वांच्या नसतात.

आजची पद्धत अशी. जमिनीत खोल छिद्रे घेतात, त्यांत नळ्या सोडतात आणि त्यांतून पाणी खेळवतात. पंपाच्या साहाय्याने इमारतीतली उष्णता त्या पाण्यात जाते आणि पाण्यातून खडकात मुरते. वीज एक भाग खर्च होते, तेव्हा उष्णता तीन-चार भाग हलते. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या बॉल स्टेट युनिव्हर्सिटीने 2009 मध्ये हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. तिथे सुमारे 3,600 छिद्रे घेतली गेली आणि विद्यापीठाचे कोळशाचे बॉयलर थंडावले. उन्हाळ्यात इमारतींतली उष्णता जमिनीत ठेवायची आणि हिवाळ्यात तीच काढून खोल्या उबदार करायच्या, असा तो व्यवहार. जमीन तिथे सावकार नाही, पेढी आहे. ठेव आणि उचल यांचा मेळ बसतो.

बंगळूरला हिवाळा आहे, पण खोल्या तापवाव्या लागतील असा नाही. इथे वर्षाचे बाराही महिने फक्त ठेव होणार, उचल जवळजवळ नाहीच. दरवर्षी थोडी थोडी उष्णता साचत जाते, छिद्रांभोवतीचा खडक हळूहळू तापतो आणि तेवढा पंपाचा गुण कमी होतो. अभियंत्यांना हे ठाऊक असते. ते छिद्रे वाढवतात, त्यांच्यात अंतर ठेवतात, जोडीला कूलिंग टॉवर उभारतात. पण हिशेबाचा गाभा बदलत नाही. गल्लीत टाकलेली उष्णता आजच्या पहारेकऱ्याला लागते, जमिनीत टाकलेली वीस वर्षांनी येणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला येते. पहिला निदान तक्रार करू शकतो.

जमिनीच्या बाबतीत हे शहर एकदा शिकून बसले आहे. लालबागेत जो खडक उघडा दिसतो, तो सुमारे तीन अब्ज वर्षांचा. त्याच जातीच्या खडकात बंगळूरने घरोघरी बोअर मारले. प्रत्येकाने आपल्याच कुंपणाच्या आत मारला, आणि 1882च्या ईझमेंट्स ॲक्टपासून कायदाही त्याच्या बाजूनेच होता. पण खडकातल्या भेगांना कुंपण ठाऊक नसते. 2024च्या उन्हाळ्यात हजारो बोअर कोरडे पडले. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता आणि सगळे मिळून चुकले. पाणी उपसताना जे झाले, तेच उष्णता पुरताना होणार नाही, असे कशाच्या जोरावर म्हणायचे?

याचा अर्थ जमिनीचा नाद सोडावा असा नाही. गल्लीपेक्षा खडक बरा, हे मान्यच करावे लागेल. प्रश्न क्रमाचा आहे. बन्नेरघट्टा रस्त्यावरचे आयआयएमचे आवार बाळकृष्ण दोशींनी आखले. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या जे.जे.त शिकलेल्या या वास्तुरचनाकाराला 2018 मध्ये प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. करड्या दगडाच्या भिंती, उंच आणि लांब ओसऱ्या, डोक्यावर कुठे छत तर कुठे नुसत्या तुळया, मध्ये चौक आणि झाडे. तिथे उष्णता कुठे टाकायची हा प्रश्न नंतर येतो, कारण ती आधी दारातच अडवलेली असते. न घेतलेली उष्णता कुठेच ठेवावी लागत नाही.

यात एक गोष्ट सोडावीही लागते. ओसरीवर 22 अंश मिळत नाहीत. कधी घाम येतो, कधी पावसाचे तुषार अंगावर येतात. ‘इतके चालेल’ असे कुणीतरी म्हणावे लागते. महाविद्यालयाने हे आधी म्हणावे, कारण तिथे अभ्यासक्रमाबाहेरचे शिक्षण भिंतीच देत असतात. बारा महिने खिडक्या बंद असलेल्या वर्गात चार वर्षे काढलेला मुलगा पुढे तसेच घर आणि तसेच कार्यालय मागणार.

अडवूनही उरेल त्या उष्णतेचे काय? वसतिगृहात रोज सकाळी शेकडो बादल्या गरम पाणी लागते. वर्गांतली, ग्रंथालयातली उष्णता जमिनीत मुरवून तिथूनच न्हाणीघरांकडे नेता येते. बंगळूरला हिवाळा नसेल, आंघोळी तर आहेत. एकाला नको असलेली उष्णता दुसऱ्याला हवी असते. त्या दोघांची गाठ घालून देणे हे काम यंत्राइतकेच शेजारधर्माचेही आहे. त्यानंतरही काही ठेव उरेलच. ती किती, कुठे आणि कुणाच्या नावावर, हे मोजून दर्शनी भागात फलकावर लिहावे. इमारतीला मिळालेल्या हरित प्रमाणपत्राशेजारीच लिहावे, म्हणजे दोन्ही एकदम वाचता येतील.