सकाळपुरता कोट

हिवाळा लागला की शहरातल्या दुकानांत लांब लोकरी कोट लटकू लागतात आणि आपण नमुना शोधायला परदेशी सिनेमांकडे बघतो. पण ते नमुने आले कुठून? डफल कोटाच्या लाकडी खुंट्या ब्रिटिश नौसैनिकांना हातमोजे न काढता अडकवता याव्यात म्हणून. ट्रेंच कोट पहिल्या महायुद्धातल्या खंदकांमुळे नावारूपाला आला. थोडक्यात, गारठ्यात कामाला उभ्या राहिलेल्या माणसांचे हे कपडे. रुबाब मागाहून चिकटला.

मग आपल्याकडे गारठ्यात कोण उभं असतं? श्रीगोंदे तालुक्यातल्या काष्टीचा शनिवारचा जनावरांचा बाजार डिसेंबरात सकाळी लवकर बघावा. तरणी पोरं जर्किन आणि कानटोपीत. पण एखादा म्हातारा धनगर अजून घोंगडीची खोळ घेतलेला दिसतो. घोंगडी मधोमध दुमडायची, एका बाजूचा कोपरा आत सारायचा आणि टोक डोक्यावर घ्यायचं. डोकं, कान, पाठ झाकली जाते, हात मोकळे राहतात. ना शिलाई, ना गुंडी. ऊन चढलं की तीच घोंगडी घडी होऊन खांद्यावर जाते. आमची थंडी बोचरी खरी, पण सकाळपुरती. दुपारी चटका बसतो. दिवसभर अंगात ठेवायचा कोट इथं निव्वळ ओझं.

याच पट्ट्यातल्या उसाच्या फडात दुसरा नमुना सापडतो. ऊसतोडणीच्या बाया लुगड्यावर पुरुषी, लांब बाह्यांचा शर्ट चढवतात. पाचटानं हात कापू नयेत म्हणून, आणि पहाटेच्या थंडीलाही. या पेहरावाला कुणी फॅशन म्हणणार नाही, पण अंगावर काय हवं याचा इतका चोख विचार मला महागड्या शोरूममध्ये दिसलेला नाही.

कुणी म्हणेल, घोंगडी कसली पोशाखात धरता? 1888 साली पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉटच्या स्वागतसमारंभाला जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात, खांद्यावर घोंगडी टाकून गेले होते. सगळे नटूनथटून आले होते त्या सभेत काय घालायचं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. योगायोग असा, की त्याच वर्षी थॉमस बर्बेरीनं गॅबर्डिन कापडाचं पेटंट घेतलं. पुढं त्या कापडाचे ट्रेंच कोट झाले आणि त्याचं जगभर नाव झालं. आमच्या दख्खनी मेंढीची काळी लोकर मात्र आता कातरल्यावर कित्येकदा तशीच टाकून दिली जाते, कारण घेणारा नाही. चिंचोक्याची खळ लावून खड्डामागावर घोंगडी विणणारे सणगरही कमी होत चाललेत.

मला कोट शिवायचा झालाच तर तो याच काळ्या लोकरीचा, रंग न दिलेला, सैल बाह्यांचा, झटकन काढून खांद्यावर टाकता येईल असा हवा. कॉलरऐवजी खोळ. ही लोकर टोचते, हे कबूल. त्यासाठी आतून आजीच्या जुन्या लुगड्याचं अस्तर लावावं. गोधडीला लावतोच की.