रिकाम्या जागेचा कायदा

‘पायी फिरण्यासाठी घडवलेले’ अशी बिरुदे लावणारी खरेदी-संकुले अमेरिकेत आता पुष्कळ आहेत. ओहायोतल्या कोलंबस शहरातले १९९९ चे ईस्टन टाउन सेंटर त्यांपैकी एक ठळक नाव. आत देखणा रस्ता, बाके, कारंजी, भोवती पार्किंग. गाडीने यायचे, गाडी लावायची आणि मग चालायचे, याला ‘वॉकेबल’ म्हणणे ही दिशाभूल आहे. ती खपते, कारण मॉलचा इतिहासच चुकीचा सांगितला जातो.

लोकांना मोटारी आवडल्या, वास्तुविशारद व्हिक्टर ग्रुएनने त्यांच्यासाठी मॉल आणला, बाकीचे ओघाने आले, अशी ती गोष्ट. ग्रुएन १९३८ मध्ये व्हिएन्ना सोडून अमेरिकेत आला आणि १९५६ मध्ये मिनेसोटात त्याचा साउथडेल मॉल उभा राहिला, हे सर्वज्ञात आहे. त्याच्या कल्पनेत मॉलभोवती घरे, शाळा, बागा होत्या. विकसकांनी तिच्यातून बंदिस्त दुकाने आणि डांबर एवढेच उचलले. म्हातारपणी त्याने या संततीशी नाते तोडले.

पण खापर ग्रुएनवर फोडा की ग्राहकावर, खरा बदल नजरेतून निसटतोच. मोटार आली म्हणून बाजार पसरलाच पाहिजे असे नव्हते. कॅन्सस सिटीतला कंट्री क्लब प्लाझा १९२३ पासून मोटारवाल्यांना डोळ्यांपुढे ठेवून उभा आहे. तरी त्याची दुकाने रस्त्याला लागूनच आहेत. पुढे पार्किंग ही दुकानदाराची सोय न राहता नगरपालिकेची सक्ती झाली, तिथे चित्र पालटले.

ही सक्ती कशी बसली ते पाहण्यासारखे आहे. दर हजार चौरस फूट दुकानामागे चार-पाच गाड्यांची जागा, हा उपनगरी नियमांतला नेहमीचा आकडा. येण्याजाण्याची वाट धरून एका गाडीला सुमारे ३०० चौरस फूट लागतात. म्हणजे पाच गाड्यांना दीड हजार: दुकानाच्या दीडपट जमीन गाड्यांना! आणि हे माप रोजच्या गर्दीवरून घेतलेले नव्हते. अर्बन लँड इन्स्टिट्यूट या अमेरिकी संस्थेने वर्षातला विसाव्या क्रमांकाचा गजबजलेला तास प्रमाण मानायला सांगितले होते. नाताळच्या खरेदीतल्या एखाद्या शनिवारची गर्दी अशी वर्षभराचा कायदा होऊन बसली. नगरनियोजनाचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ च्या ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’मध्ये याच हिशेबाची चिरफाड केली. फुकट दिसणाऱ्या या जागेचा खर्च मालाच्या किमतीत मिसळतो आणि बसने आलेल्या माणसालाही तो भरावा लागतो.

‘लोकांनी निवडले’ हा युक्तिवाद इथे कोसळतो. कमी पार्किंगचे, दाट वस्तीतले दुकान बांधायला परवानगीच नसेल, तर निवड कसली? म्हणूनच अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये ही सक्ती उठवली.

महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत मात्र दुकानांसाठी किमान पार्किंगचे कोष्टक आहे. पुण्याची तुळशीबाग आज नव्याने बांधायची म्हटली, तर आराखड्यात आधी गाड्यांची जागा दाखवावी लागेल.