आमच्यात चालत नाही

‘आमच्यात चालत नाही’ हे तीन शब्द मी आजवर किती वेळा उच्चारले असतील, त्याचा हिशेब नाही. बहुतेक वेळा ते खरे होते. सांगलीत त्या दिवशी ते खरे नव्हते.

बी.एड.ला माझ्यासोबत असलेली मैत्रीण सांगलीत मराठी शाळेत शिकवते. मी साताऱ्याहून तिच्याकडे गेले, तर तिने नव्या थाई हॉटेलात जेवायचा बेत ठरवून ठेवलेला. आम्ही दोघींनीही ते जेवण कधी चाखले नव्हते. मला तिथे विचारायचा संकोच वाटू नये म्हणून तिने आधीच फोन करून कोंबडी हलाल असल्याची खात्री करून घेतली होती.

मेनूकार्डावर ‘मस्समन करी’ असे नाव होते. “हे तर तुमचंच नाव दिसतंय,” ती हसून म्हणाली. ते खरेच तसे आहे. ‘मुसलमान’ या शब्दावरूनच ते आले असे मानतात. दालचिनी, वेलची, लवंग हा सुका मसाला मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेला आणि थाई स्वयंपाकात मुरला. त्यात शेंगदाणे, बटाटे, मिरचीही असते. ही तिन्ही मूळची अमेरिका खंडातली. आपल्या ठेच्यातली मिरचीसुद्धा पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली पाहुणी. पण जिभेला इतिहास कळत नाही.

आधी सूप आले. गवती चहाचा ओळखीचा वास आला आणि त्याच्यामागून दुसरा, सुकटीसारखा उग्र. वेटर म्हणाला, फिश सॉसचा आहे. मला मळमळले. मी वाडगा बाजूला सारला आणि म्हणून गेले, “आमच्यात चालत नाही.”

मैत्रिणीचा चेहरा उतरला. “अगं, मी विचारलं होतं...” तिने वेटरला बोलावले, वेटरने आचाऱ्याला. तो बिचारा हात पुसत येऊन माफी मागू लागला. मैत्रिणीने आपलाही वाडगा परत पाठवला. माझ्यासमोर कसे खायचे, म्हणून. चौथीतली तिची मुलगी तेवढी म्हणाली, “मावशी, त्यात काय चालत नाही?”

मला उत्तर सुचले नाही, कारण उत्तर नव्हतेच. फिश सॉस म्हणजे छोटे मासे मिठात घालून कित्येक महिने मुरवून काढलेले पाणी. मासळी हलाल आहे, तिला जबह करावे लागत नाही, हे मी पोरांना वर्गात शिकवते. कोळंबीबाबत हनफी आलिमांत मतभेद आहेत, कोकणातले आपले शाफई बांधव ती बिनदिक्कत खातात. पण त्या सुपात कोळंबीही नव्हती. चालत नव्हते ते माझ्या नाकाला.

एका हदीसची आठवण मला परतीच्या एसटीत आली. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. हजरत मैमूना यांच्या घरी भाजलेली घोरपडीसारखी सरड्याची एक जात वाढली गेली. हुजूरांनी (स.) हात मागे घेतला. खालिद बिन वलीद यांनी विचारले, हे हराम आहे का? उत्तर मिळाले, नाही, माझ्या लोकांच्या मुलखात हे नसते, म्हणून मला नको वाटते. खालिद यांनी ते ओढून घेतले आणि समोरच बसून खाल्ले. ज्यांच्या एका शब्दावर सगळ्यांनी ते सोडले असते, त्यांनी आपली नावड ही नावड म्हणूनच सांगितली. आणि मी? सूरह नहलच्या 116व्या आयतीत तर बजावलेच आहे की हे हलाल, ते हराम असे जिभेने खोटे ठरवू नका.

शंका असेल तिथे विचारू नये असे मी म्हणत नाही. संशयास्पद गोष्टींपासून दूर राहण्याची शिकवणही हदीसमध्येच आहे. थाई भाज्यांत कालवांचा सॉस घालतात, आम्हा हनफींनी तो विचारायलाच हवा. आणि विचारायचे आहे म्हणूनच तर भीती वाटते. 2022 मध्ये शेजारच्या कर्नाटकात हलाल मांसावर बहिष्काराची मोहीम झाली, 2025 मध्ये आपल्या राज्यात झटका मांसासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र निघाले. हा शब्द उच्चारताना आजूबाजूचे लोक मान वळवतात. अशा काळात एक बाई माझ्यासाठी हॉटेलवाल्याला हलालबद्दल विचारते, आणि मी तिचे ते विचारणे एका वासासाठी खोटे पाडते. उद्या मी खरोखर नाही म्हटले, तर तिने का विश्वास ठेवावा?

‘मला आवडत नाही’ म्हणायला मी का कचरले, हेही शोधले. आवडत नाही म्हटले की यजमानाचा अपमान होतो, चालत नाही म्हटले की होत नाही, असे मी धरून चालले होते. शिवाय पहिल्याला ‘थोडं चाखून तर बघ’ असा आग्रह होतो. दुसऱ्यापुढे सगळे गप्प होतात. ती सोय मला हवी होती.

रात्री साताऱ्याला पोहोचल्यावर तिला फोन केला. सगळे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही.

“म्हणजे मी ते सूप उगाच परत पाठवलं?” ती म्हणाली. “मला तर वास आवडला होता.”

मग म्हणाली, “थांब, हिला फोन देते. ती अजून विचारतेय, त्यात काय होतं म्हणून. तिला तूच सांग.”