हाती किती?

दलाली घेणारा माणूस चांगला की वाईट, हा प्रश्न मला शाळेत कुणी विचारला नाही आणि बी.कॉम.लाही विचारला नाही. तिथे दलाली नावे टाकायची की जमा, एवढ्यावरच मार्क मिळत. त्यामुळे या प्रश्नाचा विचार सुचायला मला वयाची चव्वेचाळीस वर्षे आणि शेअरबाजारातले चार हजार पाचशे साठ रुपये खर्ची घालावे लागले.

आमचे वडनेर हिंगणघाट तालुक्यात, नागपूर–हैदराबाद रस्त्यावर. इथे भाव म्हटला की कापसाचा. पण शेअरबाजाराशी कापसाचे नाते जुने आहे. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत ओतला गेला. प्रेमचंद रायचंदांच्या मागोमाग लोक समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचेसुद्धा शेअर घेऊ लागले. 1865 साली लढाई संपली आणि शेअरची रद्दी झाली. कंपन्या बुडाल्या, सट्टेवाले बुडाले. दलालांनी मात्र 1875 साली आपली संस्था काढली. तोच आजचा मुंबई शेअरबाजार! इतिहासाचे हे पान मी आधी वाचले असते तर बरे झाले असते.

बँकवाल्याने सट्टा करू नये, म्हणून मी त्याला गुंतवणूक म्हणत असे. बाजार सव्वानऊला उघडतो, आमची शाखा दहाला. तेवढ्या पाऊण तासात मी गुंतवणूक करून, काढून, डबा घेऊन निघत असे. सौ. म्हणे, "देवपूजेला वेळ नाही, आणि हे मोबाइलपुढे हात जोडून बसतात." हात जोडलेले नसत, नेट मिळावे म्हणून मोबाइल दोन्ही हातांनी खिडकीकडे धरलेला असे.

आता हिशेब बघा. दहा हजार ठेवले की दलाल पन्नास हजारांचा माल एका दिवसापुरता घेऊ देतो. पाचशे रुपयांचे शंभर शेअर घेतले, साठ पैसे वाढल्यावर विकले. नफा रुपये साठ. आता कापाकापी. घेताना दलाली वीस, विकताना वीस. त्या चाळिसावर अठरा टक्के जीएसटी. विक्रीवर सरकारचा व्यवहार कर साडेबारा रुपये. मग मुद्रांक, मग शेअरबाजाराची फी, तिच्यावर पुन्हा जीएसटी. बेरीज पासष्टच्या घरात. म्हणजे माझा अंदाज बरोबर आला, शेअर वाढला, मी जिंकलो आणि पाच रुपये हरलो. आजोबा कापूस विकून आले की अडत, हमाली, मापाई यांच्या नावाने बोटे मोडत. पण त्यांच्या बंडीत निदान कापूस तरी असे.

मोबाइलच्या पडद्यावर मात्र हिरव्या अक्षरांत 'नफा 60' असेच दिसे. कापाकापीचा कागद संध्याकाळी ई-मेलने येई, तो मी उघडत नसे. वर्षाकाठी हिरव्या आकड्यांची बेरीज अकरा हजार चारशे झाली आणि मी शाखेत सगळ्यांना चहा पाजला. पुढे मार्चअखेरीला कागद उघडले. खर्च पंधरा हजार नऊशे साठ.

मी एकटा नाही, हे समाधान. 'सेबी'ने 2024 साली जाहीर केले की आधीच्या तीन वर्षांत वायद्याच्या व्यवहारांत शंभरातल्या त्र्याण्णव किरकोळ लोकांचे पैसे गेले, आणि 2023–24 मध्ये अशा एकेकाने सरासरी सव्वीस हजार रुपये नुसत्या खर्चापायी मोजले. मग यात पापी कोण? 2019 साली 'कार्वी' या पेढीने गिऱ्हाइकांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याचे उघडकीस आले, 'सेबी'ने तिला नवे गिऱ्हाईक घ्यायला बंदी केली. तिथे न्याय सोपा आहे. माझा दलाल असला काही नाही, ही माझी खरी अडचण. दर त्याने आधीच छापले होते. मी वाचले नव्हते.

एकदा सकाळी घेतलेला माल विकायचा राहिला. शाखेत निराधारांच्या पैशांचा दिवस, रांग पार रस्त्यापर्यंत. मोबाइल खिशात थरथरत होता, मीही. दलालाने सव्वातीननंतर आपणच माल विकून टाकला आणि त्या कामाचे पन्नास अधिक जीएसटी, एकूणसाठ रुपये कापले. काउंटरखाली तो मेसेज वाचून मी दातओठ खातोय, तोच समोरची आजी पासबुक पुढे करून म्हणाली, "बाप्पा, हे सतरा रुपये सत्तर पैसे कायचे कापले?"

"एसेमेसचे, आजी. पंधरा अन् जीएसटी."

"मले तर वाचताच येत नाही."

"नियम आहे, आजी."

हे वाक्य मी वीस वर्षे बोलतो आहे. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या कानांनी ऐकले. आजी भांडली नाही. तिने एवढेच विचारले, "मंग हातात किती येतीन?"

त्यानंतर आठवड्याने आमचा शिपाई माझ्या टेबलाशी घुटमळू लागला. "साहेब, तुम्ही अकरा हजार कमावले म्हणे जी. माह्याजवळ पोरीच्या लग्नाचे साठ हजार आहे. मलेबी खाते खोलून द्या ना."

अकरा हजार चारशे हा आकडा खोटा नव्हता. माझ्याजवळ तारीखवार पुरावा होता. शिवाय गडी सज्ञान. दर छापलेले आहेत, त्याने वाचावेत. आणि साऱ्या शाखेत शेअरमधला जाणकार म्हणून माझी जी वट होती, ती एका वाक्यात जाणार होती. मी दोनदा चष्मा पुसला. आजीचे पासबुक काही डोळ्यांपुढून हलेना.

"हे बघ," मी म्हणालो, "हाती काही आलं नाही. उलट साडेचार हजार गेले."

तो माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

"मंग त्या दिवशी चहा कायचा पाजला जी?"

तो चहा मी हिशेबात धरलाच नव्हता.