पवित्र जनांच्या दिवसाची पूर्वरात्र

(आधार : मत्तय १४ : २२–३३ आणि लूक २४ : ३६–४३)



ऑक्टोबर महिना सरत आला की गावोगावच्या उपदेशकबंधूंकडून एक प्रश्न हटकून येतो. शहरात राहणारी नातवंडे दिवाळीच्या सुटीत गावी येतात व मोठ्या कौतुकाने सांगतात की, ‘हॅलोवीन’च्या संध्याकाळी आम्ही भुतांचे सोंग घेऊन दारोदार खाऊ मागतो. हे ऐकून वडीलधारी माणसे चपापतात. ज्या भुताखेतांच्या धाकातून प्रभूने आपल्या आजापणजांस सोडविले, तीच भुते पोरांनी खेळ म्हणून घरात आणावी काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आम्ही भाईंदर पूर्वेस जेसल पार्क येथे, वसईच्या खाडीजवळ राहतो. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आमच्या जिन्यावर काळे झगे व कागदी मुखवटे घातलेली लहान मुले घंटा वाजवीत येतात. खरे सांगावयाचे तर ही संध्याकाळ आम्हांस बालपणापासून प्रिय आहे. आमचे बालपण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका मिशनच्या आवारात गेले. तेथील एक वृद्ध मडमबाई दर वर्षी या दिवशी लाल भोपळा पोखरून त्यास डोळे व दात कोरीत आणि आत पणती ठेवीत. आम्ही किंचाळून पळत असू व पुन्हा त्यांच्याच झग्यास येऊन बिलगत असू. मग भाजलेल्या शेंगा आणि गूळ मिळे. रात्री गोधडीत शिरल्यावर आजी पिंपळावरच्या मुंजाची व विहिरीतल्या गिऱ्ह्याची गोष्ट सांगे. त्या भिण्यात मोठी गोडी होती. कारण आजीचा हात आमच्या पाठीवर असे.

या रात्रीच्या नावाचा अर्थ प्रथम जाणून घ्यावा. १ नोव्हेंबर हा सर्व पवित्र जनांचा दिवस. पश्चिमेकडील मंडळीत तो नवव्या शतकापासून सर्वत्र पाळला जाऊ लागला. ‘हॅलोवीन’ म्हणजे त्या दिवसाची पूर्वसंध्या, एवढाच त्या शब्दाचा अर्थ होय. आयर्लंड व स्कॉटलंड येथील लोकांत हिवाळ्याच्या तोंडी भुतेखेते फिरतात अशी जुनी समजूत होती. ती या रात्रीस चिकटली. पुढे एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांनी ही चाल बरोबर नेली. घरी ते सलगम कोरीत, तेथे भोपळा कोरू लागले. २ नोव्हेंबरला आमच्या शेजारच्या उत्तन, डोंगरी व वसईकडील रोमन कॅथलिक बांधव आपल्या मृतांच्या कबरींवर फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात, तो विधी याच दिवसांतला.

आपल्या पंथासही ही तारीख परकी नाही. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन लूथर यांनी मेन्झच्या आर्चबिशपास पत्र लिहून पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध आपली ९५ विधाने धाडली. त्या विक्रीचे मूळ कशात होते? भयात. तुमची मेलेली आईबापे यातना भोगीत आहेत, पैसे टाका म्हणजे ती सुटतील, असे गरिबांस सांगण्यात येई. मृतांच्या नावाने भय विकले जात होते. आणि देवाची कृपा विकत मिळत नाही, ती फुकट आहे, ही सुवार्ता त्या बाजारात पुन्हा ऐकू आली.

आता शास्त्राकडे वळू. रात्रीचा चौथा प्रहर होता, वारा समोरचा होता, आणि शिष्यांची होडी लाटांनी हेलकावत होती. खाडीवर जाळे टाकणाऱ्या कोळीबांधवांस ती वेळ ठाऊक आहे. तशात कोणी पाण्यावरून चालत येताना दिसला आणि ते धट्टेकट्टे मच्छीमार भूत भूत म्हणून ओरडले. प्रभूने त्यांची थट्टा केली काय? नाही. मला भूत म्हणता, म्हणून तो रागावला काय? तेही नाही. त्याने लगेच आपला आवाज ऐकविला, म्हणजे भय जावे. पुनरुत्थानानंतरही तसेच झाले. शिष्यांस वाटले, आत्माच दिसतो. तेव्हा प्रभूने आपले हातपाय दाखविले, चाचपून पाहावयास सांगितले आणि त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. केवढी ही लीनता! भ्यालेल्या माणसांसाठी जगाचा तारणारा जेवून दाखवितो.

यावरून आम्ही असे समजतो की, ज्या लेकराच्या पाठीवर बापाचा हात आहे त्याचे लटके भिणे हे पाप नव्हे. सोंग उतरले की ते हसते व आईच्या कुशीत निजते. परंतु जेथे भय खरे आहे तेथे खेळ नाही. आपल्याच मंडळीत मूल तापाने फणफणले की दवाखान्याआधी देवऋषीकडे जाणारे, उतारा टाकणारे, उशीखाली अंगारा ठेवणारे कोणी नाहीत काय? शौल राजाही असाच रात्री वेष पालटून एन-दोरच्या स्त्रीकडे मृतास विचारावयास गेला, आणि भय घेऊन परतला. मुखवटा घालणाऱ्या पोरास दटावणाऱ्याने आपल्या दंडावरचा गंडा आधी पाहावा.

आणि याहून भयंकर गोष्ट आहे. सातपुड्याच्या पाड्यांत डाकीण ठरवून कित्येक गरीब स्त्रियांस मारहाण झाली, घरातून हाकलण्यात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या कायद्यासाठी अनेक वर्षे झटून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात प्राण गमावला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. करणी केल्याचा आळ घेऊन कोणास छळणे हा त्याने गुन्हा ठरविला. आपण ख्रिस्ती, आपणांत असे होत नाही, असे म्हणून कोणी फुशारकी मारू नये. अमेरिकेच्या ज्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातील भाविकांनी पुढे मुंबईस मिशनरी धाडले, त्याच प्रांतातील सेलम येथे १६९२ साली चेटकाच्या आळावरून १९ जणांस फाशी देण्यात आले. फाशी देणारे शास्त्र वाचणारे, प्रार्थना करणारे प्रॉटेस्टंटच होते. शास्त्र हाती असूनही भय मनात राहिले, तर असे घडते.

म्हणून, प्रिय उपदेशकबंधूंनो, मुलांचा खेळ मोडण्यात शक्ती खर्चू नका. ते भोपळा कोरोत. तुम्ही त्यांस त्या दिवसाचे नाव सांगा, लूथरची हकीकत सांगा आणि होडीतील शिष्यांची गोष्ट दिवा मालवून सांगा. मात्र एक नियम घालून द्या : ज्या दारी कोणी आजारी, एकटे किंवा खरोखर भ्यालेले आहे, तेथे सोंग घेऊन जाऊ नये; तेथे उघड्या तोंडाने जावे. आणि आपल्या गावात जिला लोक कुजबुजून चेटकीण म्हणतात, जिच्या हातचे पाणी कोणी घेत नाही, अशी एखादी म्हातारी असेल, तर पवित्र जनांच्या दिवशी मंडळीच्या वडिलांनी मुलांसह तिच्या घरी जावे, तिच्या हातचा चहा प्यावा आणि तिच्यासह प्रार्थना करावी. शंभर प्रवचनांनी जे भय जात नाही, ते त्या एका पेल्याने जाईल. कारण प्रभूनेही भ्यालेल्यांचे समाधान खाऊनच केले.

योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात शिकवितो की, पूर्ण प्रीतीपुढे भय टिकत नाही. ती प्रीती आपल्या घरांत, मंडळ्यांत आणि गावाच्या शेवटच्या झोपडीपर्यंत वसो. आमेन.